ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी काय चालेल? कोकणातल्या हवेचा विचार करून सांगा

कातळावरचा

राजापूर तालुक्यात आमची काजूची बाग आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांपासून चालत आलेली केपाची ठासणीची बंदूक आहे (तोंडातून दारू-गोळी ठासायची, घोडा आपटला की केप म्हणजे छोटी टोपी फुटून बार पेटतो), परवाना आता माझ्या नावावर. रानडुकरांनी आणि वानरांनी काय उच्छाद मांडलाय त्यावर इथे आधीच धागे वाहताहेत, तो विषय इथे नको. माझा प्रश्न दारूचा आहे.

परवान्यावर मिळणारी काळी दारू एकसारखी नसते. एका खेपेला छान दाणेदार, दुसऱ्या खेपेला तळाशी निम्मी भुकटी. बार काढल्यावर नळीत जी काजळी बसते ती श्रावणात एका रात्रीत तांबेरा आणते. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघतो तर तिथे पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ अशी पर्यायी दारूची नावं सर्रास घेतली जातात. धूर कमी, घाण कमी, साफसफाई सोपी असं सगळे सांगतात. हे खरं किती? आपल्या जुन्या नळीला आणि आपल्या दमट हवेला यातलं काय मानवेल?

आधीच सांगून ठेवतो. घरी दारू कुटायची कृती मला नकोय. ‘बारा बोअरचं काडतूस फोड आणि त्यातली पावडर ओत’ हा सल्ला वाडीत फुकट मिळतो, तोही नकोय.

परदेशी_देवगडकर

दादा, मी पेनसिल्वेनियात राहतो. इथे नाताळनंतर हरणाचा एक हंगाम फक्त चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीवर पेटणाऱ्या, बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे काळी दारू की पर्याय हा वाद इथल्या नेमबाजीच्या क्लबात चहाबरोबर चालतो.

तुझी बंदूक केपाची आहे हे बरं झालं. चकमकीची असती तर म्हटलं असतं की पर्याय विसर. या सगळ्या पर्यायांना पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. गारेची ठिणगी पडते, नळीच्या कानाजवळचं (भोकाजवळचं) रंजक, म्हणजे आधी पेटणारी बारीक दारू, भपकन जळतं, आणि आतला पायरोडेक्स ढिम्म बसून राहतो. म्हणून इथले चकमकवाले अजून खरी काळी दारूच वापरतात, आणि रंजकाला त्यातलीच सगळ्यात बारीक दाण्याची.

आता एकेक घेतो.

पायरोडेक्स हा यातला म्हातारा. डॅन पावलाक नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात तो काढला. कारण धुराचं नव्हतं, कायद्याचं होतं: काळी दारू स्फोटकांच्या कडक वर्गात मोडते, दुकानदाराला ती ठेवणं आणि ट्रकने पाठवणं जिकिरीचं. पर्याय ज्वालाग्राही मालासारखा हाताळता आला तर साध्या दुकानात ठेवता येतो. १९७७ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा इथल्या कारखान्यात दुर्घटना होऊन पावलाक स्वतः गेला. पुढे हॉजडन कंपनीने कॅन्ससमध्ये उत्पादन चालवलं. ‘पर्याय म्हणजे सुरक्षित’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

यात एक मेख आहे. पायरोडेक्स काळ्या दारूपेक्षा वजनाला साधारण ३० टक्के हलका. तो मापाने घ्यायचा असतो, तराजूने नाही. काळ्या दारूचं जे माप तेच याचं. कुणी सोनाराच्या काट्यावर ‘तेवढंच वजन’ तोलून घातलं तर नळीत दीडपटीच्या जवळ माल जातो.

ट्रिपल सेव्हन त्याच कंपनीचा, पण जात वेगळी. यात गंधक नाही. त्यामुळे तो सडक्या अंड्याचा वास नाही, आणि घाण साध्या पाण्याने निघते. मात्र तो मापाला माप काळ्या दारूपेक्षा जोरदार आहे, म्हणून माप सुमारे १५ टक्के कमी करायचं असतं. आपल्याकडे गज (ठासायची सळई) उसळेपर्यंत ठोकायची सवय असते, ती इथे बाद. आणि याची एक खोड आहे: गोळी जिथे बसते तिथे नळीत कडक कडं धरतं. दुसरा बार भरताना गज खाली जाता जाता तिथे येऊन थबकतो. जोर लावला की ‘कट्’ करून पुढे सरकतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं गोळी तळाला टेकली. ती टेकलेली नसते, आणि दारू नि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली की नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर भरलेल्या नळीची खूण करून ठेव, दर बाराला ती तोंडाशी जुळली पाहिजे.

ब्लॅकहॉर्न २०९ तुझ्या कामाचा नाही. नावातलं २०९ हे छऱ्याच्या काडतुसाच्या प्रायमरचं, म्हणजे बुडातल्या पेटवणीचं. त्याला तेवढाच दमदार जाळ लागतो, तुझ्या निपलवरच्या (केप बसवायच्या भोकाच्या बोंडावरच्या) केपाने तो धड पेटणार नाही. तो नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला आहे, गंजवत नाही, ओल फारशी धरत नाही, सगळं खरं. पण तो नव्या धाटणीच्या बंदुकांसाठी बनवलाय, आजोबांच्या नळीसाठी नाही.

गोळीच्या आकारात दाबलेल्या पर्यायी दारूच्या कांड्याही मिळतात. त्याही नव्या बंदुकांसाठीच, जिथे जाळ थेट बुडातून येतो. कोलोरॅडोत तर ठासणीच्या हंगामात कांड्यांना बंदीच आहे.

हापूस_नको_रायवळ

थोडक्यात, आमच्याकडे मिळत नाही ते सगळं छान. पुढच्या खेपेला येताना एक डबा घेऊन या की राव!

परदेशी_देवगडकर

नाही आणणार. काळी दारू असो की पर्याय, विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. आंबे इकडे आणतानाच माझी पुरेशी झडती होते.

सोलकढी

मी रसायनशास्त्र शिकवते, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण गंजाबद्दल इथे बोललंच पाहिजे.

काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. काही धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. कातळावरचा यांच्या नळीला रात्रीत तांबेरा येतो तो त्यामुळे. न जळलेल्या, कोरड्या, चांगल्या दारूला दमटपणाचा एवढा त्रास नसतो. तिच्यातला शोरा, म्हणजे नायट्रेट, पोटॅशियमचा असतो. चिलीतून येणारा सोडियमचा शोरा पाणी भराभर ओढतो, म्हणून बंदुकीला तो कधी मानवला नाही. बिहारचा शोरा पोटॅशियमचा; त्याच्यासाठी डच आणि इंग्रज कंपन्यांनी पाटण्यात वखारी मांडल्या होत्या.

आता पायरोडेक्स. त्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. म्हणजे मिठाच्या सख्ख्या भावाचा थर नळीत! समुद्राची हवा लोखंडाचं काय करते ते आपल्याला खिडकीच्या गजांवरून कळतं, इथे तर क्षार थेट आतच. हा थर तेलाने निघत नाही, पाण्यातच विरघळतो. नुसता तेलाचा बोळा फिरवून बंदूक भिंतीला लावली तर तेलाखाली गंज निवांत चालू राहतो. ‘पर्याय म्हणजे साफसफाई कमी’ हे पायरोडेक्सच्या बाबतीत तरी मला पटत नाही.

क जीवनसत्त्वावर आधारलेले काही पर्यायही येतात. वास नाही, धुवायला सोपे. पण ते स्वतःच ओल धरतात, डबा उघडा राहिला की गुठळ्या. जुलैतल्या कुडाळात ते किती दिवस टिकतील सांगा.

मालवणी_तात्या

एवढी नावां ऐकान माझा टकला फिरला. आमच्या बापाशीची केपाची बंदूक. बार काढलो की त्याच रातीक आधण ठेवायचा, निपल काढून नळयेत कढत पानी वतायचा, काळा पानी जावन निताळ येयसर. मगे सुक्या फडक्यान पुसायचा नि खोबरेल. दुसऱ्या दिसार ठेवलास तर नळी तांबडी. ही नवी दारू घेवनय पानी वतूकच व्हया तर फायदो काय तो सांगा.

आनी दारू शिंगात भरून चुलीच्या वरच्या फळयेर. पावसात कदी ओली जावक नाय.

सोलकढी

तात्या, कढत पाण्याचं अगदी बरोबर. गरम नळी आपोआप वाळते, हा त्यातला मोठा फायदा. खोबरेलही बरोबर. खनिज तेलावर काळ्या दारूची काजळी बसली की डांबरासारखी चिकट होते, वनस्पती तेलावर तशी होत नाही. पण चुलीवरच्या फळीचं कृपा करून कुणी अनुकरण करू नका. एक ठिणगी उडाली की घर गेलं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि तो विस्तवापासून आणि मुलांपासून लांब, कुलपात. डबा कोरडा राहिला तर दारू वर्षानुवर्षं टिकते, तिला शेक द्यावा लागत नाही.

हर्णैबंदर

दारू आणि ठिणगीचा विषय निघालाच आहे तर. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने आमच्या हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर मारा केला तेव्हा किल्ल्यातल्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि किल्ला पडला. १८१८ च्या मे महिन्यात रायगडावर तेच, तोफगोळ्यांनी कोठार उडालं. एवढ्या जाड भिंतीची कोठारं राहिली नाहीत, तात्यांच्या फळीचं काय घेऊन बसलात!

दगडी_पाखाडी

[प्रतिसाद काढला आहे.]

व्यवस्थापक

वरच्या प्रतिसादात दारू बनवायची कृती प्रमाणासकट दिली होती. ती उडवली आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि या धाग्याला त्याची गरजही नाही. पुन्हा दिसली तर धागा कुलूपबंद होईल.

कोर्टाची_पायरी

बरं केलंत. कायद्याचं मी सांगतो, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे ‘ठासणीला परवाना लागत नाही, ती जुनी वस्तू आहे’ ही गावात चालणारी समजूत निखालस चूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जित असली तरी ती मोजली जाते. दारू आणि केप परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच, परवानाधारक विक्रेत्याकडूनच, नोंद करून. टपालाने, कुरियरने, मित्राच्या पिशवीतून नाही.

आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहेच. डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी हातात हवी. वानरावर तर गोळी झाडायचा विचारही करू नका. पळवायला नुसता आवाजाचा बार, तोही वस्तीपासून लांब.

निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा करायचं फर्मान येतं. जमा करताना पावती घ्या आणि नळी आधी तेल लावून द्या. परत येते तेव्हा तिची अवस्था बघून रडू येतं, हा माझ्या अशिलांचा अनुभव.

कातळावरचा

सगळ्यांचे आभार. काडतुसातली पावडर नको म्हटलं खरं, पण ती का नको हे शेजाऱ्याला पटवता येत नाही. ‘पावडर ती पावडर’ म्हणतो.

परदेशी_देवगडकर

काळी दारू मोकळी जळो की नळीत कोंडून, तिच्या जळण्याच्या वेगात दाबामुळे पडणारा फरक मर्यादित असतो. काडतुसातली बिनधुराची पावडर दाब वाढेल तशी अधिकाधिक वेगाने जळते, वेगाने दाब आणखी चढतो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. काडतूस त्याच हिशेबाने बनवलेलं असतं: नेमकं वजन, नेमकी पावडर, पोलादी नळी. ठासणीच्या जुन्या नळीत चमचाभर ओतलं की ती बुडाशी फाटते, आणि तिथेच आपला डावा हात आणि गाल असतो. वर सांगितलेले पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे काळ्या दारूच्या दाबाच्या आसपास राहतील असे बनवलेत. ‘पर्याय’ या शब्दाखाली बिनधुराची साधी पावडर मोडत नाही.

दोन वेगळ्या दारू एकत्रही करू नयेत. खाली चिमूटभर काळी, वर पर्याय अशी युक्ती इथले काही चकमकवाले करतात. बनवणारी कंपनी मात्र मिसळू नका असंच सांगते.

काजूबोंडू

माझीही केपाचीच आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूला. माझा त्रास वेगळा: केप फुटते, बार सुटत नाही. पावसाळ्यात हमखास. दारू बदलली की हे थांबेल का?

परदेशी_देवगडकर

पर्याय घातलास तर वाढेल, कारण त्याला पेट घ्यायला जास्त जाळ लागतो. तुझी अडचण बहुधा दारूची नाही, निपलच्या भोकाची आहे. साफ करून तेल लावून ठेवलेल्या बंदुकीत ते तेल ओघळून भोकात आणि बुडाशी जमतं. भरायच्या आधी नळी कोरड्या फडक्याने पुसायची. मग रिकाम्या नळीवर एक केप फोडायची, नळीचं तोंड जमिनीजवळच्या गवताच्या काडीकडे धरून. काडी हलली तर वाट मोकळी. नाही हलली तर निपल काढ, भोकात बारीक तार घाल, पुन्हा बघ. काडी हलल्याशिवाय दारू भरायचीच नाही.

आणि केप फुटून बार गप्प राहिला तर लगेच बंदूक खाली घेऊन नळीत डोकावणारे महाभाग असतात. तोंड मोकळ्या जागेकडे धरून पुरतं मिनिटभर थांब. उशिरा सुटलेला बार हा सगळ्यात वाईट बार. मग नवी केप.

हापूस_नको_रायवळ

बोळ्याला काय वापरता तुम्ही लोक? आमच्याकडे पूर्वी काथ्या ठासायचे.

काजूबोंडू

मी जाड कागद आणि फडकं. काथ्या धुमसत राहतो. फाल्गुन-चैत्रात कातळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, बाराबरोबर उडालेला धुमसता काथ्या त्यात पडला की वणवा. आमच्या शेजारच्या बागेतली काजूची कलमं तशीच गेली. डुकरांनी खाल्ली असती त्याच्या दसपट नुकसान.

फडक्याला मी भिरंडेल चोळतो. कोकमाचं तेल थंडीत दगडासारखं घट्ट, हातात धरलं की वितळायला लागतं. नळीतली काजळी त्याने मऊ राहते, पुढचा बार ठासायला सोपा जातो. परदेशी मंडळी यासाठी मेण आणि चरबी घालून काय काय बनवतात, आपल्याकडे पायांच्या भेगांना लावायचा गोळा चालतो.

सोलकढी

भिरंडेलाची कल्पना आवडली. रसायनाच्या बाजूनेही त्यात काही गैर दिसत नाही, खनिज तेलाचा जो दोष वर सांगितला तो यात नाही.

कातळावरचा

म्हणजे मी असं समजतो. इथे परवान्यावर जी काळी दारू मिळते तीच माझ्या नळीला योग्य. पर्याय उद्या इथे कायदेशीर मिळायला लागले तरी पायरोडेक्सने गंज कमी होणार नाही, ट्रिपल सेव्हनचं कडं सांभाळावं लागेल, आणि ब्लॅकहॉर्न पेटणारच नाही. भुकटीचं काय करायचं तेवढं सांगा. चाळून दाणे वापरू?

परदेशी_देवगडकर

चाळत बसू नकोस, घर्षण आणि उडणारी धूळ दोन्ही धोक्याची. ज्या डब्यात भुकटी दिसते तो दुकानदाराला परत दे. दाण्याच्या आकारावर जळण्याचा वेग ठरतो. इथे डब्यांवर इंग्रजी एफ किती आहेत त्यावरून दाणा ओळखतात: एक एफ म्हणजे जाड, तोफेला आणि मोठ्या नळीला. दोन एफ छऱ्याच्या बंदुकीला, तीन पिस्तुलाला आणि बारीक नळीला, चार फक्त रंजकाला. निम्मी भुकटी असलेला डबा म्हणजे नळीत रंजक ठासण्यासारखं. एक बार फुसका, दुसरा खांदा मोडणारा.

आणि इथेही काळी दारू सहज मिळते असं समजू नकोस. काळी दारू बनवणारा अमेरिकेतला गोएक्सचा कारखाना २०२१ मध्ये बंद पडला होता. २०२२ मध्ये एस्टेस नावाच्या कंपनीने तो विकत घेतला. मधल्या काळात लोकांनी डबे दडवून ठेवले.

कोर्टाची_पायरी

नळीही एकदा परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. आजोबांच्या काळातली आहे म्हणता, आतून किती खाल्ली गेलीय ते बाहेरून दिसत नाही. नेताना परवाना बरोबर, बंदूक रिकामी.

कातळावरचा

आज दुकानदाराला फोन केला. भुकटीचा डबा बदलून देतो म्हणाला. नवी दाणेदार दारू आलीय, पण केप संपल्यात. कधी येतील ते सांगता येत नाही.

मालवणी_तात्या

मगे तवसर बंदूक घेवन काय वांदरांक दाखवतलस?